आठ मिलिमीटरच्या भिंती

मी ती पानं कापली ती नीट कापली, हे आधीच सांगते. स्टीलची पट्टी, नवं ब्लेड, खाली जाड पुठ्ठा. एकही रेघ वाकडी गेली नाही. ऑफिसात बारा वर्षं मी वर्तमानपत्रांची कात्रणं काढून फायलीत लावलेली आहेत. कापायचं कसं हे मला कोणी शिकवायला नको.

नवरा कॉमिक्स काढायचा. पोटासाठी नव्हे. पोटासाठी तो रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. मी सांगलीची, तो इथलाच, तंजावरी मराठी घरातला. 'मुलगा मराठी आहे, फक्त मद्रासला असतो,' असं सांगून मला दाखवला होता. पहिल्यांदा बोलला तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. बखरीतलं मराठी, तमिळ चालीवर. 'मज कळलें नाही,' 'जातों गे,' आणि मध्येच 'सरी' आणि 'पोदुम्'. सरी म्हणजे ठीक आहे, पोदुम् म्हणजे पुरे. या दोन शब्दांवर त्याचा संसार चालायचा. लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणायची, घरात दोघंच असलो की 'अरे'.

त्याच्या कॉमिकमध्ये एक रेल्वेचा डबा होता. माप थोडं चुकल्यामुळे चाकांवर बसेना, म्हणून मागच्या रुळांवर ढकलून दिलेला. त्यात माणसं राहायला आली. एकेक कप्पा म्हणजे एकेक घर. खऱ्या डब्यात नऊ कप्पे असतात, त्याच्या कागदावर सहाच मावले. पहिल्यात निवृत्त गणिताचे मास्तर, दुसऱ्यात एकमेकींशी न बोलणाऱ्या तीन बहिणी, तिसऱ्यात आचारी, असं करत शेवटच्यात, संडासाला लागून, वीणा शिकवणारी बाई. तिचे विद्यार्थी टिकत नसत. सगळी माणसं नवऱ्याच्या घरातलं मराठी बोलायची. ते मराठी छापलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

प्रत्येक अंक सोळा पानांचा. मधलं जोडपान, जिथे स्टेपलर मारतात ते, त्या पानावर अख्खा डबा असायचा. उभा छेद, कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखा. बाहेरची बाजू काढून टाकलेली आणि आतली सहा घरं एकदम दिसतायत. आचाऱ्याने फोडणीत हिंग जास्त टाकला की त्याच पानावर पाचव्या घरातला म्हातारा शिंकतोय, आणि त्या शिंकेने वीणेचा शिकाऊ पळून चाललाय. वर टपावर वडाम, म्हणजे आपल्या कुरडया, वाळत घातलेले आणि कावळे. खाली चाकांच्या जागी कुत्री. वाचायला कुठूनही सुरुवात करा. मला हे पान नेहमी गर्दीचं वाटायचं. मी तसं म्हणायची.

"अरे, माणसाने बघायचं तरी कुठे?"

"बघू दे गे कोठही. घर आहे, क्यू नव्हे."

अक्षरं माझी असायची. त्याची देवनागरी म्हणजे मुंग्या मेल्यासारखी. माझं अक्षर चांगलं, म्हणून ऑफिसात दारापाशीच्या फळ्यावर रोज 'आजचा शब्द' लिहायचं काम माझ्याकडे होतं, अजून आहे. केंद्र सरकारचं ऑफिस, तेव्हा हिंदीचा एक शब्द रोज फळ्यावर हवा. बाकीचे सगळे तमिळ, देवनागरीत सही करायचीही मारामार. फळा कुणा उंच माणसाने टांगलाय. मी पाच फूट. रोज टाचा उचलून लिहिते.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. तो पेन्सिलीने काढायचा, शाई करायचा, फुग्यांच्या जागा मोकळ्या ठेवून पान माझ्याकडे द्यायचा. मी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून फुगे भरायची. मग पान परत त्याच्याकडे. तो शेवटी पेन्सिलीचं छायांकन करायचा आणि झेरॉक्सला न्यायचा. छायांकन झालेलं पान मी तेव्हा कधी बघितलं नाही. सही करून फाईल पुढे गेली की आपण ती परत उघडतो का? अंक छापून यायचे ते तसेच गठ्ठ्याने पिशवीत जायचे.

झेरॉक्समध्ये कप्प्यांमधल्या भिंती काळ्याकुट्ट यायच्या. तेवढं मला आठवतं, कारण स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला दर वेळी कुरकुर करायचा. "सार, इथे पेन्सिल फार झालीय. टोनर खातंय." नवरा म्हणायचा, सरी, येऊ दे काळं. टोनर वाया जातोय म्हणून मीही एकदा बोलले होते.

अंक जायचे कुठे? लग्नामुंजीत. तंजावरी मंडळींचं लग्न असलं की हा पिशवी घेऊन हजर. एखाद्या पुस्तकजत्रेत दुसऱ्याच्या टेबलाचा कोपरा मिळाला तर तिथे. अकरा अंक निघाले, सहा-सात वर्षांत. वाचणारे ओळखीचे. एक मामी प्रत्येक अंकानंतर फोन करून भांडायची, की आचारी हा तिचा दीरच आहे, आणि त्याला एवढं जाड दाखवायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले की तो एक प्रश्न विचारायचा. चप्पल काढायच्या आत.

"आजचा शब्द?"

मी सांगायची. 'अनुस्मारक'. 'प्रतिनियुक्ति'. 'यथाशीघ्र'. तो मान हलवायचा, जसं काही फार मोठं कळलं. मला वाटायचं, बोलायला विषय नसतो म्हणून विचारतो. कधी दमलेली असले तर म्हणायची, "फळ्यावर जाऊन वाच." त्यावर तो हसायचा.

मग भाची आली. नणंदेची मुलगी, वेलचेरीला राहते, आयटीत आहे. मराठी बोलते ते तीन ठिकाणचं, आजीचं, शाळेतलं आणि फोनवरचं. रविवारी आली की मामाच्या पोळीवरचं तूप ओढायची. तिने एक दिवस झेरॉक्स अंकाचा फोटो काढून फोनवर बघितला.

"मामा, तुझा डबा माझ्या फोनमध्ये झुरळाएवढा दिसतो."

"मग फोन मोठा घे गे."

"मोठा आणलाय." आणि तिने पिशवीतून टॅबलेट काढला. तिचा जुना होता, काच कोपऱ्यात तडकलेली. "आता कोणी कागद वाचत नाही, मामा. एक ॲप आहे, त्यात सगळ्या भाषांचे लोक आपापलं टाकतात. बोटाने खाली सरकवत वाचायचं. एकाखाली एक चित्र. तुझे वाचणारे सगळे सिडनीत नाहीतर न्यू जर्सीत गेलेत, त्यांना लग्नात कुठे गाठणार?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मला जास्त पटलं. मी पिशव्या वाहिलेल्या आहेत. वेस्ट मांबलमच्या आमच्या तळमजल्यात एका पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा गठ्ठे मीच माळ्यावर चढवलेत, आणि निम्मे तरी ओले होऊन गेले. कागदाचं प्रेम मला सांगू नये.

तो म्हणाला, "माझं पान आडवं आहे. यांचं उभं."

"मग उभं करू," मी म्हणाले.

"डबा उभा केला तर माणसं पडतील गे." त्याने खरंच तसं चित्र काढून दाखवलं. डबा उभा टांगलेला, आणि सहा घरांतली माणसं, भांडी, वीणा, सगळं खालच्या टोकाला मास्तरांच्या अंगावर. आम्ही तिघं फार हसलो. ते चित्र भाचीकडे आहे.

पण ठरलं. भाचीने मला समजावलं. मलाच, कारण काम करणारी कोण ते तिला माहीत होतं. "मामी, काही नाही, प्रत्येक कप्पा वेगळा करायचा, स्कॅन करायचा आणि मला पाठवायचा. कडा तेवढ्या सरळ हव्यात. मी एकाखाली एक लावते."

वेगळा करायचा म्हणजे कॉम्प्युटरवर, हे तिच्या लेखी सांगायचीही गरज नव्हती. माझ्या लेखी वेगळं करणं म्हणजे ब्लेड. त्यात घरचा स्कॅनर लहान, मोठं जोडपान त्यावर मावत नव्हतं. मला पुढचं काहीच विचारावंसं वाटलं नाही. बारा वर्षं जे केलं तेच तर करायचं होतं.

त्याच सुमारास त्याचे काका वारले आणि तो दिवसांसाठी तंजावरला गेला. मी रजा घेतली नव्हती. संध्याकाळी घरी येऊन जेवण उरकायचं आणि टेबलावर बसायचं. म्हटलं, येईपर्यंत काम झालेलं असेल. मूळ पानं त्याच्या मोठ्या फोल्डरमध्ये होती. अकरा जोडपानं असायला हवी होती, दहाच निघाली. पाचव्या अंकाचं सापडेना. मी चिडले. वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही. त्या अंकासाठी झेरॉक्सवरून काम भागवलं.

दहा पानं, प्रत्येकी सहा कप्पे. कप्प्यांच्या मध्ये त्या भिंती. कप्पा कापला की एका बाजूला भिंत चिकटून यायची, कडेला पेन्सिलीचा काळपट पट्टा. भाचीने सांगितलं होतं कडा सरळ हव्यात. म्हणून मी दुसरा काप देऊन तो पट्टा काढून टाकायची. पट्टीने मोजलं होतं, प्रत्येक भिंत बरोबर आठ मिलिमीटर. ड्राफ्ट्समनचं काम. पट्ट्या वर्तमानपत्रावर जमायच्या. शेवटी वर्तमानपत्र गुंडाळलं आणि सुक्या कचऱ्यात टाकलं. कप्पे मात्र नीट पाकिटांत घालून वर अंकाचा क्रमांक लिहिला.

तो आला तेव्हा पाकिटं टेबलावर मांडलेली होती. मी कौतुकाची वाट बघत होते, नाही असं नाही. त्याने एक पाकीट उघडलं. सहा तुकडे ओळीने लावले. मग मधल्या फटींवरून बोट फिरवलं.

"भिंती कोठ आहेत गे?"

"कसल्या भिंती? त्या कडा होत्या. सरळ केल्या."

"आणि त्या?"

"टाकल्या. सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली."

 त्याने तुकडे परत पाकिटात घातले, क्रमाने. म्हणाला, "कापलंस मात्र सरळ. आमच्या ऑफिसात असं कोणाचं ब्लेड चालत नाही." मी म्हणाले, पानं कापायची नव्हती का? तर म्हणाला, "होऊं दे. सरी." आणि हातपाय धुवायला गेला. बाहेर येऊन टॉवेलने तोंड पुसता पुसता विचारलं,

"आजचा शब्द?"

मी सांगितला. कुठला, ते आता आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला आहे.

ॲपवर डबा चालला. त्याला नावं ठेवणार नाही. अकरा अंकांना जेवढे वाचक सात वर्षांत भेटले, तेवढे एका महिन्यात दिसले. खाली लोक लिहायचे, इंग्रजी अक्षरांत, कारण मुलांना देवनागरी लिहिता येत नाही. एका मुलीने लिहिलं की ती हे आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवते, आजीचे डोळे अधू झालेत पण बोटांनी चित्र मोठं केलं की तिला दिसतं, आणि आचाऱ्याचं बोलणं ऐकून आजी रडली. नवऱ्याने ते मला तीनदा वाचून दाखवलं.

माझी अक्षरं मात्र गेली. फोनवर ती बारीक दिसायची, म्हणून भाचीने फुगे पांढरे करून त्यात टाइप केलेला मजकूर बसवला. तिने विचारलं होतं, "मामी, चालेल ना? राग नाही ना?" मी म्हटलं राग कसला, वाचता आलं पाहिजे. खरंच राग नव्हता. नवऱ्याने एकदा टॅबलेटवर बोट ठेवून म्हटलं, "मास्तर आता रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखे बोलतात." तेवढंच.

पण ॲपला दर आठवड्याला नवीन हवं. तेही उभं. तो कारखान्यातून येऊन टॅबलेटवर काढायला बसायचा. काचेवर पेन सरकतं, म्हणायचा, कागद धरून ठेवतो तसं ही काच धरत नाही. सहा घरं एकदम दाखवता येईनात. शिंक एका चित्रात, हिंग चार चित्रं आधी. वाचणाऱ्याचं बोट तोवर पुढे गेलेलं. एक दिवस भाचीला म्हणाला, "मी एक घर दाखवतों, तोवर बाकीची पाच अंधारात बसतात. मला त्यांची काळजी लागते." ती हसली. मलाही तो विनोदच वाटला.

सहा महिन्यांनी त्याने थांबवलं. दोन आठवडे चुकले की ॲप आपोआप मालिका मागे ढकलतं, तशी ती गेली. मी विचारलं, कागदावर बारावा अंक का काढत नाहीस? म्हणाला, बघूं. फोल्डर कपाटावर गेलं. मी त्याच्यामागे लागले नाही. इतर कामं होती. तेव्हा मला वाटायचं, वय झालं, हौस संपली. माणसांची संपते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गळीत, म्हणजे इथल्या डिसेंबरातल्या थंडीत, सकाळी, दूध आणायला म्हणून गेला. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापुढे बाकावर टेकला तो टेकलाच. दुकानवाल्याला वाटलं, कॉफीची वाट बघतोय. त्याने कॉफी आणून शेजारी ठेवली होती. मी गेले तेव्हा ती तिथेच होती, डबऱ्यात, म्हणजे इथल्या कॉफीच्या पसरट वाटीत, वर साय धरलेली.

दिवस झाले. सह्याबिह्या झाल्या, पेन्शनचे कागद झाले. मी पंधराव्या दिवशी ऑफिसात गेले आणि शब्द लिहिला. लोकांना ते जरा जास्तच वाटलं असावं.

महिन्याभराने त्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला एक जुना सहकारी आला, तमिळ माणूस, त्याच्या तीन वर्षं आधी निवृत्त झालेला. आवडी या लांबच्या उपनगरातून गाडी बदलून आला होता. हातात प्लॅस्टिकची लांब नळी, ड्रॉइंग ठेवतात तसली. पाणी प्यायला, घाम पुसला.

"मॅडम, हे तुमच्याकडे असलेलं बरं. मी निवृत्त झालो तेव्हा सारनी दिलं होतं. सून घर रंगवतेय, तिचा भिंतीवरच्या सगळ्याच गोष्टींवर राग आहे."

पाचव्या अंकाचं जोडपान. मी पहिल्यांदा मनात म्हणाले ते हे, की सापडलं एकदाचं.

"यात तुम्ही कुठे आहात ते सारनी मला दाखवलं होतं," तो म्हणाला. "मला तेव्हाही दिसलं नव्हतं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी दिसत नाही."

"मी? मी यात नाही हो. यात ते आचारी, मास्तर..."

"आहात. भिंतीत." त्याने पानावर बोट टेकवलं नाही, हवेतच फिरवलं. "म्हणाले, प्रत्येक अंकात एका भिंतीत आहे. मॅडमना माहीत नाही, सांगायचं नाही. मी म्हटलं, सार, बायकोपासून बायकोच लपवता? त्यावर इतके हसले."

तो जेवायला थांबला नाही. मी पान टेबलावर पसरलं. भिंती म्हणजे मला पेन्सिलीचे काळपट पट्टेच दिसत होते. भिंग नव्हतं. भाचीचा टॅबलेट होता. पानाचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. पुन्हा मोठा केला.

छायांकन नव्हतंच ते. कडक पेन्सिलीने काढलेल्या बारीक बारीक गोष्टी होत्या. पहिल्या भिंतीत पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा, एक पाल. दुसऱ्या भिंतीला भोक, त्यातून बहिणी आचाऱ्याकडून अप्पम घेतायत. या एकमेकींशी बोलत नसत, हे मला माहीत होतं. खायचं एकाच भोकातून मागवतात, हे माहीत नव्हतं. चौथ्या भिंतीत बाई होती. तांदळाच्या दाण्याएवढी. पाठमोरी, अंबाडा, खांद्याला पर्स तशीच. समोर फळा. हातात खडू, आणि टाचा उचललेल्या.

लग्नाच्या सुरुवातीला तो एकदा माझा विसरलेला डबा द्यायला ऑफिसात आला होता. तेव्हा मी लिहीत असेन. एवढंच असू शकतं, कारण त्यानंतर तो तिथे कधी आलेला नाही.

फळ्यावर शब्द होता. 'निविदा'. टेंडर. त्यात काही अर्थ नाही, शोधायलाही जाऊ नये. त्या दिवशीचा शब्द होता, मी चप्पल काढताना सांगितला आणि त्याने लिहून ठेवला, इतकंच.

मग मी पाकिटं काढली. दहा पाकिटं, साठ कप्पे, सगळ्यांच्या कडा सरळ. पन्नास भिंती मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या होत्या. त्यांत दहा वेळा मी होते. दहा शब्द होते. आणि बाकीच्या चाळीस भिंतींतून कोण कोणाला काय देत होतं, ते आता कोणालाच कळणार नाही, कारण झेरॉक्समध्ये सगळं काळं आहे. टोनर खातंय म्हणून मी बोलले होते.

मी जुने स्कॅन शोधले. वाटलं, एखादा काप हलला असेल, कडेला काही राहिलं असेल. प्रत्येक कप्प्याच्या दोन्ही कडा मोठ्या करून पाहिल्या. दोन रविवार गेले. माझा एकही काप हललेला नव्हता. फक्त नवव्या अंकात, तिसऱ्या कप्प्याच्या उजव्या कडेला, केसाएवढी करडी रेघ राहिली होती. कागदावर बोटाला लागून ती पुसट झालेली. स्कॅन मी फोनवरून लवकर जावा म्हणून कमी दर्जाचा केला होता. मोठा केला तर तीन करडे चौकोन दिसले. टाच असेल. नसेलही.

भाचीला सांगितलं. ती खाली बसली आणि रडली. मला तिचं रडणं बघून वैताग आला, कारण मग चहा मलाच करावा लागला. चहा पिताना म्हणाली, "मामी, मी सांगितलं होतं वेगळं कर, मी काप म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे. तुझी चूक नाही."

"मला नीट सांगायला हवं होतं."

"मला विचारायला हवं होतं. पोदुम् आता."

थोड्या वेळाने म्हणाली, "आता भरता येतं ते. कॉम्प्युटरला एक पूर्ण पान दाखवायचं, मग तो बाकीच्या भिंती तशाच स्टाइलने काढतो. कोणाला ओळखू येणार नाही. पुन्हा ॲपवर टाकू, यावेळी अख्खं पान, झूम करता येईल असं."

मी तिला विचारलं, "त्यात फळ्यावर तो काय लिहील?"

"तू सांगशील ते."

तेच तर मला सांगता येत नव्हतं. ऑफिसात शब्दांची वही आहे, तारखेवार, माझ्याच हस्ताक्षरात. पण कुठल्या दिवशीचा शब्द त्याने कुठल्या भिंतीत नेला, हे त्यात नाही. शेकडो शब्दांतले दहा. मी नको म्हणाले. तिने आग्रह केला नाही. मामाने कागदावर जे केलं ते कुठे जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं, आणि तिचं बरोबर आहे. अखंड राहिलेलं पान तिने चांगल्या ठिकाणी नेऊन स्कॅन करून घेतलं. सिडनीतल्या मुलीला पाठवलं. त्या मुलीने पाल शोधली, नळाची गळती शोधली. बाई शोधायला तिला सांगू नकोस, असं मी भाचीला सांगितलं. सापडली तर सापडू दे.

तो मला बोलला का नाही, याचा मी विचार केला. रागावला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. तो 'सरी' म्हणाला. मी केलं ते त्याच्यासाठी केलं, हे त्याला दिसत होतं, आणि पाकिटांवरचं अक्षरही माझंच होतं. मला वाटतं त्याने हिशोब केला की सांगून फक्त एकाच्या जागी दोघांना वाईट वाटेल. चुकीचा हिशोब. पण त्याचा स्वभाव तसा होता, माप चुकलं की डबा मागच्या रुळावर ढकलायचा आणि त्यात माणसं राहायला आणायची. मी असते तर कारखाना डोक्यावर घेतला असता.

या महिन्यात मी ते काम काढलं. जाड पांढरा कागद आणला, त्याच मापाचा. पाकिटं क्रमाने उघडली. पहिला कप्पा चिकटवायचा, मग नवऱ्याची स्टीलची पट्टी धरून आठ मिलिमीटर मोजायचे, पेन्सिलीने अस्पष्ट खूण करायची, मग दुसरा कप्पा. टप वर, कुत्री खाली. फुग्यांतली माझी अक्षरं तशीच आहेत, शाई थोडी तपकिरी पडलीय. दुपारी ऊन खिडकीतून टेबलावर येतं तेव्हा काम चांगलं होतं.

भाची आली, बघत उभी राहिली. "मध्ये पांढरं का सोडतेस? जोडून लाव ना, कोणाला कळणार नाही."

"तिथे भिंत होती," मी म्हणाले.

दहा पानं झाली. पाचव्या अंकाच्या पानाला काही करावं लागलं नाही.